पायात वांब येतो तेव्हा दोष पायाचा की फिन्सचा?

दुसऱ्या कुणाची तरी एक नंबर मोठी चप्पल घालून जिना उतरून बघा. चप्पल निसटू नये म्हणून पायाची बोटं आपोआप आत वळतात आणि चप्पल पकडून ठेवतात, आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आता हेच ४० मिनिटं करायचं, तेही पाण्याखाली, आणि चपलेच्या पुढे हातभर लांब पातं लावून. तळपायात वांब येणार नाही तर काय होणार!

माझं अगदी हेच झालं होतं. स्कूबा डायव्हिंगला गेलो होतो, फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) भाड्याचे होते, घालतानाच सैल वाटले, तर देणारा म्हणाला "स्ट्रॅप ओढा, बसतील". स्ट्रॅप ओढला, बसले. मग साधारण १२ मीटर खोलीवर तळपायाची कमान अशी आवळली की पायाची बोटं एकमेकांवर चढली, आणि मी रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा देणारं तोंडातलं यंत्र) तोंडात धरून जे काही बोललो ते माशांनाच ठाऊक. तेव्हा वाटलं की आपला व्यायाम कमी पडतोय, पाणी कमी प्यायलोय वगैरे. नंतर कळलं की फूट पॉकेट, म्हणजे फिनमध्ये पाय घालायची जागा, मोठं होतं, बास.

वांब किंवा पेटका म्हणजे नेमकं काय हे आधी बघू. स्नायू आवळतो आणि सुटतच नाही. स्नायूच्या आत एक सेन्सर असतो, ताणलं गेलं की तो "आवळ" म्हणून सांगतो, आणि स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो त्या दोरीत म्हणजे कंडरेत दुसरा सेन्सर असतो, ताण जास्त झाला की तो "सोड" म्हणतो. एक अ‍ॅक्सिलरेटर, एक ब्रेक. स्नायू दमला की पहिला जास्त ओरडतो आणि दुसरा गप्प होतो, आणि त्यात स्नायू आधीच आखडलेल्या, आखूड झालेल्या अवस्थेत काम करत असेल तर कंडरेवर ताणच कमी येतो, म्हणजे ब्रेक आणखी ढिला. पेटक्याचं सध्या सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण हे आहे. मीठ-पाणी कमी पडण्याचा सिद्धांत जुना आहे, पण २०१० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोणच्याचं खारं पाणी प्यायल्यावर पेटका दीडेक मिनिटात गेला, इतक्या लवकर ते मीठ रक्तात पोचूच शकत नाही, म्हणजे तोंडातून मज्जातंतूंमार्फत काहीतरी सिग्नल गेला असणार असं संशोधकांचं म्हणणं पडलं. (पाण्याखाली लोणचं कुणी ट्राय करू नका.)

आता फिन्स घालून पोहताना पाय कसा असतो बघा. फ्लटर किक, म्हणजे पाय आळीपाळीने वर-खाली, मारताना चवडा मागे ताणलेला, बॅले डान्सरसारखा. म्हणजे पोटरीचा स्नायू पूर्ण वेळ आखूड. तळपायाचे छोटे स्नायू सैल पॉकेट पकडून बसलेले. वांब यायला जे जे लागतं ते सगळं जुळून आलेलं.

त्यात तरफेचा हिशोब येतो. समजा एका किकमध्ये पाणी पात्याला २ किलोच्या वजनाएवढं ढकलतंय आणि ते ढकलणं घोट्यापासून ४० सेंटिमीटर लांब लागतंय. टाचेमागची जाड कंडरा घोट्याच्या सांध्यापासून फक्त ५ सेंटिमीटरवर असते, मग तिला ओढावे लागतात १६ किलो. पातं लांब केलं किंवा कडक घेतलं की हा आकडा वाढत जातो. कुणी म्हणेल १६ किलो म्हणजे काय, एका पायाच्या चवड्यावर उभं राहिलं की पोटरी याच्या दहापट सहज झेलते. बरोबर आहे, पण चवड्यावर आपण काही सेकंद उभे राहतो आणि टाच खाली टेकवतो, इथे तोच स्नायू आखूड अवस्थेत, शेकडो वेळा, आणि शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेणाऱ्या पाण्यात काम करतोय.

बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी पोहायला हातात धरायची लाकडी पाती बनवली होती. वेग वाढला पण मनगटं दमली असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पायाला पण तळवे लावून बघितले, ते त्याला पसंत पडले नाहीत. पुढे फ्रान्सच्या नौदलातल्या लुई द कॉर्लियू यांनी १९३३ मध्ये रबरी फिन्सचं पेटंट घेतलं. पण फ्रँकलिनची तक्रार अजून तीच आहे, मोठं पातं वेग देतं आणि बिल सांध्याला पाठवतं.

त्यामुळे फिन्स घेताना लोक आधी ब्लेड, म्हणजे पातं, बघतात ते मला उलटं वाटतं, आधी पाय कुठे जातो ते बघा. टाच उघडी असलेले ओपन-हील फिन्स घेणार असाल तर जे बूट घालून डाइव्ह करणार तेच बूट घेऊन जा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. घालून खुर्चीत बसा, पाय उचलून घोटा हलवा. पाय आत इकडेतिकडे सरकायला नको, बोटं किंचित हलायला हवीत, आणि पायाच्या वरच्या बाजूला दाबल्यासारखं वाटायला नको. फार घट्ट पॉकेट रक्तपुरवठा अडवतं, बोटं बधीर होतात, आणि मग तोही वांबच. टाच झाकणारे फुल-फूट फिन्स अनवाणी किंवा पातळ मोज्यावर घालतात, तिथे टाच निसटते का एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट दुकानात कळत नाही. डाइव्हचे बूट निओप्रीनचे असतात, आणि निओप्रीन म्हणजे रबरात अडकवलेले गॅसचे बारीक बुडबुडे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट, आणि बुडबुडे आक्रसतात, म्हणजे बूट पातळ होतो. वर नीट बसलेला फिन खाली सैल! बोटं लगेच कामाला लागतात. म्हणून बकलच्या पट्टीपेक्षा स्प्रिंगचा स्ट्रॅप मला जास्त आवडतो, तो ढिलाई आपोआप ओढून घेतो. जाड, कडक सोलचा बूट असेल तर भार अख्ख्या तळव्यावर पसरतो, हाही फायदाच.

मग ब्लेड. मधून चिरलेले स्प्लिट फिन्स घोट्यावर कमी भार टाकतात, ज्यांच्या गुडघ्याची किंवा पोटरीची तक्रार आहे त्यांना बरे पडतात, पण मागे सरकणं, जागेवर वळणं असली कामं त्यांनी नीट होत नाहीत. आखूड, जड रबरी फिन्स फ्रॉग किकवाल्यांचे (बेडकासारखे पाय फाकवून मारणाऱ्यांचे) लाडके. फ्रीडायव्हिंगची (सिलेंडरशिवाय, एका श्वासात बुडी मारण्याची) लांबलचक कार्बनची पाती दिसायला भारी, पण ती मांडीतून हळू, मोठी किक मारणाऱ्यांसाठी आहेत, पाठीवर सिलेंडर घेऊन नवशिक्याने ती घालणं म्हणजे पोटरीशी वैर. बहुतेकांना मध्यम कडक, मध्यम लांबीचं पातं पुरतं. आणि घाई कुठलेच फिन्स माफ करत नाहीत, कारण वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. प्रवाहाविरुद्ध बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, गाठायला निघालात की वांब आलाच म्हणून समजा.

आलाच तर थांबा. मूठ उघड-बंद करून बडीला खूण करा आणि कुठे धरलंय ते बोटाने दाखवा. मग पाय सरळ ठेवून फिनचं टोक धरा आणि स्वतःकडे ओढा, घाईघाईत झटका न देता. यात जादू काही नाही, पोटरी ताणली की कंडरेवर ताण येतो आणि तो झोपलेला ब्रेक जागा होतो. हात पोचत नसेल तर बडी समोरून फिन ढकलतो. सुटल्यावर लगेच पहिल्यासारखी किक सुरू करू नका, थोडा वेळ फ्रॉग किक मारा, तिथे दुसरे स्नायू राबतात. डाइव्हनंतर सांधा दुखायला लागला आणि थांबेना तर त्याला पेटका म्हणून सोडून देऊ नका, दाब उतरल्याने होणारा आजार असू शकतो, डॉक्टर गाठा.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर ते फिन्स घालून पूलमध्ये पंधरा-वीस मिनिटं पोहून बघा आणि नंतर काय दुखतंय ते नीट बघा. तळपायाची कमान दुखली तर पॉकेट सैल आहे, पोटरी दुखली तर पातं कडक आहे किंवा तुम्ही चवडा फार ताणताय, नडगीच्या पुढचा भाग दुखला तर फिन जड पडतोय, गुडघा कुरकुरला तर तुम्ही सायकल चालवल्यासारखे गुडघे वाकवताय. आणि नुसती मांडी दमली असेल तर खुशाल घ्या, किक योग्य जागेवरून येतेय.