चार महिने सगळं सुरळीत चाललंय? मग हे पत्रक तुमच्यासाठी

गेको (पालीसारखा सरपटणारा प्राणी), साप किंवा कासव पहिल्यांदाच घरी नेलेला माणूस पहिल्या आठवड्यात आम्हाला दिवसातून दोनदा फोन करतो. आज खाल्लं नाही, चालेल का? दिवा रात्री बंद करू का? डोळे मिटून का बसलाय? हे फोन आम्हाला आवडतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते बंद होतात, आणि आमची काळजी तिथून सुरू होते.

आम्ही हे प्राणी ठेवायच्या पेट्या, दिवे आणि थर्मोस्टॅट (तापमान ठरल्या आकड्यावर राखणारं यंत्र) विकतो. त्यामुळे माणूस पुन्हा कधी येतो आणि काय मागतो, ते आमच्या नजरेत असतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात येणारा बहुतेक वेळा दुसऱ्या प्राण्यासाठी पेटी मागतो, थोडा अवघड प्राणी निवडतो, आणि थर्मोस्टॅटचा विषय काढला की म्हणतो, "त्याची काही गरज पडत नाही हो, मला आता अंदाज आलाय."

यात त्या माणसाचा दोष आम्ही मानत नाही. कार्मेन सांचेझ आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये नवशिक्यांच्या आत्मविश्वासावर संशोधन प्रसिद्ध केलं. एका प्रयोगात लोकांना लक्षणं पाहून काल्पनिक आजार ओळखायचे होते. अगदी सुरुवातीला, काहीच येत नसताना, लोक स्वतःबद्दल सावध होते. थोडे प्रयत्न झाले आणि त्यांचा आत्मविश्वास झपाट्याने वाढला. अचूकता मात्र त्या वेगाने वाढली नाही. म्हणजे कोरा माणूस जपून चालतो, घसरतो तो थोडंसं शिकलेला. हे कोणाच्याही बाबतीत होतं, कोणत्याही कामात.

सरीसृपांच्या, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या, बाबतीत हे जास्त महागात पडतं, कारण हे प्राणी झालेली चूक फार उशिरा दाखवतात.

बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचंच घ्या. यूव्हीबी किरण (उन्हात असणारे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण) त्वचेवर पडले की त्याच्या शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या मदतीने खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. किरण कमी पडले तर शरीर रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी ते हाडांतून काढून घेतं. हे आठवडेच्या आठवडे चालू राहतं आणि त्या काळात प्राणी छान खातो, धावतो, रंगही चांगला दिसतो. मग एक दिवस जबडा मऊ लागतो, पुढचे पाय वाकलेले दिसतात, बोटं थरथरतात. पाळणाऱ्याला वाटतं आजार कालच सुरू झाला. प्रत्यक्षात सुरुवात केव्हाच झालेली असते, कदाचित दिवा जुना झाला त्या महिन्यात. यूव्हीबी दिव्याची किरणं कमी होतात, पण उजेड तसाच राहतो, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही. पेटी बंद खिडकीशी ठेवून "रोज ऊन देतो" म्हणणारेही भेटतात. काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, त्यामुळे त्या उन्हातून फक्त उष्णता मिळते.

उलटही घडतं. निरोगी, वाढलेला बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) कधी कधी काही महिने खात नाही. वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नसतं. पण आत्मविश्वासाने भरलेला माणूस तेवढ्यात पेटी बदलतो, तापमान वाढवतो, रोज नवं भक्ष्य समोर ठेवतो, आणि साप आणखी बिथरतो. घरात ग्रॅममध्ये मोजणारा साधा वजनकाटा असेल आणि आठवड्याला एक आकडा लिहिलेला असेल, तर यातलं काहीच करावं लागत नाही. हा साप माणसाच्या देखरेखीत २०-३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय ६२ वर्षांच्या वर असावं असा अंदाज होता. त्या आयुष्यापुढे चार महिन्यांचा अनुभव किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

एक बोट

एक गृहस्थ लेपर्ड गेको घेऊन आले होते. हाताळणं उत्तम जमलं होतं त्यांना; गेको तळहातावर अगदी निवांत बसलेला. त्याच्या मागच्या एका पायाच्या बोटावर पांढरट कडं दिसत होतं, शिवणाच्या दोऱ्याएवढं बारीक. जुनी कात तिथेच अडकून वाळली होती. कड्याच्या पुढचं टोक काळपट पडलं होतं, कारण तिथवर रक्तच पोहोचत नव्हतं. कोमट पाण्याने भिजवून, ओल्या कापसाने हळूहळू ती कात सुटली, पण बोटाचं टोक काही वाचलं नाही. बाकी पेटी व्यवस्थित होती, फक्त कात टाकण्यासाठी लागणारी ओलसर लपायची जागा नव्हती. झाकणाच्या लहान डब्याला दार कापायचं आणि आत ओलं शेवाळ घालायचं, एवढंच काम.

त्या दिवशी ते जे बोलले ते आम्ही विसरलेलो नाही. "कडं दोन आठवड्यांपूर्वीच दिसलं होतं. पण आधी एकदा दुसरीकडे असाच प्रश्न विचारला, तर 'एवढंही माहीत नाही तर पाळता कशाला' असं ऐकायला मिळालं. म्हणून विचारलंच नाही." विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं एकदा वाटलं की माणूस गप्प बसतो. आणि त्या गप्प बसण्याची किंमत प्राणी मोजतो.

जुन्याजाणत्या ग्राहकांना विनंती

नवशिक्यांना तुम्हीही भेटता, आमच्याइतकेच. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण त्यांच्यासाठी वापरू नका, मनातसुद्धा. पूर्वी आम्हीही गल्ल्यावरून लोकांना चांगलंच सुनवायचो. बोलणं बरोबर असायचं, पण ती माणसं परत आली नाहीत, आणि त्यांच्या प्राण्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

आता आम्ही निकाल देत नाही, आकडा विचारतो. "गरम बाजूला जमिनीवर तापमान किती येतं?" या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही. उत्तर माहीत नसेल तर माणूस घरी जाऊन मोजतो, आणि चूक त्याची त्यालाच सापडते. सात गोष्टी चुकल्या असतील तर जिवाला घोर लावणारी एकच आधी सांगा, बाकीच्या पुढच्या भेटीत. जे नीट केलंय त्याचं नाव घेऊन कौतुक करा: "लपायच्या दोन जागा ठेवल्यात, हे फार चांगलं केलंत." नुसतं "छान" म्हणून भागत नाही. आणि तुमच्या हातून काय चुकलं होतं तेही सांगा.

आडवळणाने बोलायचं नाही अशी वेळही असते. प्राणी तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातून बुडबुडे येताहेत, अंग उचलता येत नाही किंवा थरथर थांबत नाही, तर त्याच दिवशी सरीसृप पाहणाऱ्या पशुवैद्याकडे पाठवा, स्पष्ट शब्दांत. चूक कोणाची हा विषय तेव्हा काढू नका.

नव्या ग्राहकांसाठी एक सवय

मोजण्याआधी अंदाज कागदावर लिहा. गरम बाजूची जमीन किती, थंड बाजू किती, प्राण्याचं वजन किती. मग मोजा आणि आकडा शेजारी लिहा. महिनाभर हे केलंत की तुमचा अंदाज कुठे बरोबर येतो आणि कुठे हुकतो, ते दुसऱ्या कोणी सांगायची गरज उरणार नाही.

मोजायला वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि टोक जमिनीवर, प्राणी बसतो तिथेच ठेवा. काचेला चिकटवलेली गोल तबकडी त्या काचेपुरतंच बोलते. लेपर्ड गेकोला गरम जागी साधारण ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २५ च्या आसपास लागतं. थर्मोस्टॅट नसलेली हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) ४० च्या वर जाऊ शकते, आणि पोट भाजेपर्यंत गेको तिच्यावरून उठेलच असं नाही. म्हणून मॅटसोबत थर्मोस्टॅट घ्याच, आमच्याकडून किंवा कुठूनही.

दुसरा प्राणी आणण्याआधी पहिल्याबरोबर एक पूर्ण वर्ष काढा. यात आमची एक विक्री लांबते, तरी आम्ही हेच सांगतो. आणलात तर दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. चिमटे आणि भांडीही वेगळी. कोणताही प्राणी आणण्याआधी तो पाळायला कायद्याची परवानगी आहे का, ते बघा. हाताळून झालं की साबणाने हात धुवा. निरोगी दिसणाऱ्या सरीसृपाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष जपा.

प्रश्न विचारताना नुसता प्राण्याचा फोटो पाठवू नका. अख्खी पेटी, दिव्याचा खोका, थर्मामीटरचं टोक ठेवलंय ती जागा आणि वजनाच्या वहीचं शेवटचं पान, असे चार फोटो पाठवा. वही नसेल तरी पाठवा, आकडे आपण आजपासून लिहू.