बृहन्मुंबई महानगरपालिका मुख्यालय

दक्षिण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, दादाभाई नौरोजी मार्ग आणि महापालिका मार्ग जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर बृहन्मुंबई महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. १८९३ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या दगडी वास्तूतून शहराचा कारभार आजही चालतो.

१८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले पालिका आयुक्त झाले, तेव्हा पालिकेचे कार्यालय गिरगाव रस्त्याच्या टोकाशी एका साध्या इमारतीत होते. १८७० मध्ये ते एस्प्लनेड भागात, वॉटसन हॉटेलच्या शेजारी हलवण्यात आले. स्वतंत्र वास्तूची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसवण्यात आली. स्थानिक संस्थांना कारभारात अधिक वाव देणारा, स्थानिक स्वराज्याविषयीचा १८८२ चा ठराव याच रिपन यांचा; भारतातील कारकिर्दीच्या अगदी अखेरच्या दिवसांत त्यांनी ही कोनशिला बसवावी, याला म्हणूनच समारंभापलीकडचा अर्थ आहे. प्रत्यक्ष बांधकाम मात्र १८८९ मध्ये सुरू झाले. दरम्यान १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा संमत झाला होता आणि पालिकेच्या अधिकारांची चौकट त्याने निश्चित केली होती.

आराखड्यासाठी वास्तुविशारद रॉबर्ट फेलोज चिझम यांची इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी आणि युरोपीय घटकांचा मेळ घालणाऱ्या शैलीतील योजनाही विचारात घेतली गेली होती, पण काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्याकडे आले. समोरचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्यांनीच उभारले होते. त्यामुळे एकाच वास्तुविशारदाच्या दोन प्रमुख कृती येथे रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या आहेत, आणि एकीकडे पाठ फिरवून दुसरी नीट समजत नाही.

भूखंड दोन रस्त्यांच्या बेचक्यात निमुळता होत गेलेला. अशा जागेवर इमारत बांधताना टोकाचा भाग सहसा अडचणीचा ठरतो. स्टीव्हन्स यांनी तेथेच मुख्य प्रवेशद्वार आणि मनोरा ठेवला व दोन्ही रस्त्यांच्या कडेने इमारतीच्या बाजू मागे पसरत नेल्या. स्थानकाकडून येणाऱ्याला प्रथम हे टोकच सामोरे येते, आणि जागेची अडचण हेच इमारतीचे सर्वांत मोठे बळ ठरते. टोकदार कमानी, सज्जे आणि कोरीव दगडकाम यांतून व्हेनिशियन गॉथिक, म्हणजे व्हेनिसमधील मध्ययुगीन इमारतींचे वळण दिसते, तर वरच्या घुमटांवर भारतीय वास्तुपरंपरेची छाप आहे. ७० मीटरहून उंच गेलेल्या मनोऱ्यावर मोठा घुमट आहे. दर्शनी त्रिकोणी शिखरावरील पंखधारी स्त्रीमूर्ती म्हणजे ‘भारतातील पहिले नगर’ या मुंबईच्या बिरुदाचे मूर्तरूप. बांधकामाला सुमारे ११ लाख २० हजार रुपये लागले. मंजूर रक्कम याहून अधिक होती, ही गोष्ट एवढ्या मोठ्या सार्वजनिक कामात उल्लेखनीय म्हटली पाहिजे.

इमारतीतील सर्वांत महत्त्वाचे दालन म्हणजे नगरसेवकांचे सभागृह. २००० मध्ये लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली. नंतर ते पुन्हा सजवण्यात आले. वाढत्या कारभाराला मूळ वास्तू अपुरी पडू लागल्यावर मागच्या बाजूस विस्तारित इमारत बांधण्यात आली. प्रवेशद्वारासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. पालिकेच्या जडणघडणीतील त्यांचा वाटा पाहता त्यासाठी याहून योग्य जागा सापडली नसती. जानेवारी २०२१ पासून मार्गदर्शकासह वारसा फेरी सुरू करून ही वास्तू आतून पाहण्याची संधी सर्वसामान्यांना देण्यात आली.