सराफ बाजारातल्या दुकानवाड्यांची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड असे सराफ बाजार, भांडी बाजार आणि मेन रोडकडचे वाडेही त्यांत असतात. मग दोनच प्रश्न ऐकू येतात : मालक दुरुस्ती का करत नाही, आणि भाडेकरू जागा का सोडत नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण माणसांच्या स्वभावात त्यांची उत्तरं शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

आधी इमारत पाहू. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. दर्शनी खोली रस्त्याला सगळी उघडी, रात्री फळ्या लावून बंद करायची. गिऱ्हाईक ओट्यावर टेकतं, सराफ गादीवर बसतो, व्यवहार जवळजवळ रस्त्यावरच होतो. बाजार इथेच वाढला तो गंगेमुळे, म्हणजे गोदावरीमुळे. रामकुंडावर आलेला यात्रेकरू परतताना तांब्या-पितळेची वस्तू घेणार, ऐपत असली तर सोनंही. दर बारा वर्षांनी सिंहस्थाची गर्दी वेगळीच. रेल्वे आली ती शहरापासून लांब, नाशिकरोडला. तिथून गावात यायला 1889 च्या सुमारास घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ती थेट मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत येई. उतारू बाजाराच्या तोंडाशीच उतरत.

या वाड्यांचं नशीब मात्र लाकडाने ठरवलं नाही, भाड्याने ठरवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत जागेची टंचाई होती. मुंबई प्रांताच्या 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकलं. त्या वेळी ते गरजेचं होतं. नाहीतर कितीतरी छोटे दुकानदार रस्त्यावर आले असते. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. त्यानंतरचा 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पण चार टक्के कशाचे? भाडं दहा रुपये असेल, तर वाढ चाळीस पैसे.

दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. त्याने ती केली नाही, तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. नाममात्र भाड्याच्या चौथ्या हिश्श्यात सागाची तुळई तर सोडाच, कौलंही येत नाहीत. शिवाय पागडी, म्हणजे जागा देताना भाड्याशिवाय घेतली जाणारी एकरकमी रक्कम, आहेच. जुन्या कायद्यात ती घेणं गुन्हा होता, तरी सगळीकडे चाले. 1999 च्या कायद्याने तिला वाट करून दिली. भरभक्कम पागडी मोजून आलेला दुकानदार स्वतःला निम्मा मालक समजतो, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. कागदोपत्री मालक असलेल्याच्या हाती मात्र वाडा उभा ठेवण्याइतके पैसे कधीच येत नाहीत. ज्या कायद्याने या पेढ्या एवढी वर्षं बाजारात टिकवल्या, त्यानेच त्यांच्या छपरांची आबाळ केली.

धंद्यालाही दणके बसले. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली आणि सोनारांची कामं बसली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द होईपर्यंत हा धंदा परवाने आणि नोंदवह्यांत अडकलेला होता. दरम्यान घराघरांत स्टीलची भांडी आली आणि पितळ मागे पडलं.

उरलं ते पाणी. पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला किती लागलं, यावरून नाशिककर पूर मोजतात. ऑगस्ट 2016 मध्ये ते सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानांत शिरलं. 2008 च्या पुरानंतर गोदाकाठी निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. या दोन रेषांच्या मधे नवं बांधकाम करायचं, तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्याही वर न्यावं लागतं. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण ओट्यावर चालणाऱ्या दुकानाला त्यासाठी जिना चढवावा लागला, तर म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने वर यायचं कसं? म्हणून पाडून बांधण्यापेक्षा आहे तो सांगाडा सांभाळणं मला इथे जास्त शहाणपणाचं वाटतं.

सिंहस्थ जवळ आला आहे, रस्ते आणि घाटांचे आराखडे होत आहेत. त्याच बैठकांत या वाड्यांच्या दुरुस्तीचा खर्च मालक, भाडेकरू आणि महापालिका यांनी कसा वाटून घ्यायचा, हेही ठरलं पाहिजे. कडीपाट उघडून तुळया तपासायचं काम पावसात होत नाही. त्याला दिवाळी ते होळी एवढेच महिने मिळतात, आणि नोटिसा निघतात त्यानंतर.