पुण्यातील नद्या व पाणथळींवरचे उन्हाळी पक्षी

पुणे शहर व परिसरातील मुळा, मुठा, मुळा-मुठा व पवना या नद्या, पाषाण तलाव आणि खडकवासल्याचा जलाशय यांच्या काठी चैत्रापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत दिसणारे पक्षी. पक्षिनिरीक्षणाचा हंगाम म्हणजे हिवाळा, असा सर्वसाधारण समज आहे. तो पाहुण्यांच्या बाबतीत खरा आहे. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही मंडळी मार्च-एप्रिलात उत्तरेकडे परततात. चक्रवाकांची वीण लडाख-तिबेटच्या पठारावर होते. मागे उरतात ते इथले घरवाले, आणि त्यांच्या संसाराची धांदल नेमकी याच दिवसांत असते.

उन्हाळ्यात खडकवासल्याचे पाणी शहराच्या नळांना आणि कालव्याला जाते. शहरातून नदी म्हणून जे वाहते ते बहुतांशी सांडपाणी. मासे कमी, गाळ आणि जलपर्णी भरपूर. पक्षी नाहीसे व्हावेत अशीच ही परिस्थिती, पण तसे घडत नाही. कोणते पक्षी राहतात, ते मात्र बदलते. पर्यावरणतज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी १९८०च्या दशकात या प्रदूषित नदीवरील पक्ष्यांचा अभ्यास केला होता. गाळातल्या अळ्यांवर जगणारा शेकाट्या अशा पाण्यात सुखाने राहतो. म्हणून शेकाट्यांचा मोठा थवा दिसला की हरखून जाण्याआधी पाण्याचा वास घ्यावा.

सोलापूर रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवरचे कवडीपाट हे मुळा-मुठेकाठच्या पक्षिनिरीक्षणाचे सर्वांत परिचित ठिकाण. येथील जुन्या दगडी बंधाऱ्यावरून पाणी फेसाळत उतरते आणि खालच्या खडकांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून फडफडत राहतात. लांबून त्याही बगळ्यांसारख्या दिसतात. मेमध्ये बंधाऱ्याच्या काठावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात. काळे शराटी चिखलात चोच खुपसत फिरतात, तर हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या सावलीच्या कडेने पोहतात. या बदकाची काळी चोच टोकाला हळदीसारखी पिवळी असते आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके असतात. इतके चपखल नाव फार थोड्या पक्ष्यांना मिळाले आहे.

उन्हाळ्याची खरी गंमत पिसाऱ्यात असते. एरवी मातकट, काठावर बसला तर ओळखूही न येणारा वंचक हा बगळा वैशाखात पाठीवर गर्द तपकिरी-तांबूस शाल पांघरतो. गायबगळ्याचे डोके, मान व पाठ नारिंगी होते, छोट्या बगळ्याच्या मानेमागे दोन लांब तुरे येतात, टिबुकलीचा गळा विटकरी होतो. हिवाळ्यात पाहिलेला पक्षी हाच का, अशी शंका नवख्याला येते. जलपर्णीच्या गालिच्यावर वंचक मिनिटामिनिटाला एक पाऊल टाकतो, मान आखडतो आणि अचानक चोच मारतो. तो उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि त्या शालीचा विसर पडतो.

टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा व भोवती चार खडे. अंडी बहुधा चार असतात व त्यांची निमुळती टोके आत वळवलेली असतात. मातीच्या रंगाची ही अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. दुपारच्या उन्हात टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. मोकळी जमीन उरली नाही, तर ती इमारतीच्या गच्चीवरही अंडी घालते. नदी सुरयालाही वीण करायला वाळूची किंवा खडकाची मोकळी बेटे लागतात. ती पाणी ओसरल्यावरच उघडी पडतात, त्यामुळे त्याची वीण उन्हाळ्यातच उरकावी लागते. तारवाली भिंगरी पुलाखाली चिखलाची वाटी चिकटवते. वरून शहराची वाहतूक चालू असते.

पाषाण तलावाला राम नदीचे पाणी मिळते. पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी व कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी हे पक्षी असतात. जलपर्णी काढून तलाव ‘स्वच्छ’ करताना ही दाटीही साफ होते. मुळा-मुठेचा येरवड्याजवळचा झाडोरा डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जातो. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालेल्या, ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार योजनेवर पक्षिमित्रांचा मुख्य आक्षेप आहे तो याच कारणाने: बांधीव काठावर चिखल, उथळ पाणी आणि झुडपे उरत नाहीत.

निरीक्षणासाठी सकाळी साडेआठच्या आतली वेळ उत्तम. पुढे पक्षीही सावलीला जातात. मेच्या अखेरीस पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडू लागतो. पावसाच्या पुढे आफ्रिकेकडून चातक येतो आणि सातभाईच्या घरट्यात आपले अंडे सरकवतो. काठच्या बाभळींवर पाण्याच्या दिशेला सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. उत्तरेकडे गेलेला हिरवा तुतवार जुलै-ऑगस्टमध्येच, नदी अजून गढूळ असताना, एकटाच परत आलेला दिसतो.