बो आणि बाउ (इंग्रजी शब्द)

बी, ओ आणि डब्ल्यू या तीन अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या या इंग्रजी शब्दाचे ‘बो’ आणि ‘बाउ’ असे दोन उच्चार असून, उच्चाराबरोबर त्याचा अर्थही बदलतो. ‘बो’ म्हणजे धनुष्य. त्याच्या आकारावरून व्हायोलिनचा गज, रिबिनीची फुलगाठ आणि गळ्यातील बो-टाय यांनाही हेच नाव मिळाले. ‘बाउ’ हे क्रियापद कमरेत वाकून अभिवादन करणे किंवा एखाद्याच्या इच्छेपुढे झुकणे या अर्थी येते, तर नाम म्हणून ते त्या अभिवादनाला व जहाजाच्या नाळेलाही, म्हणजे पुढच्या टोकालाही, लागू पडते.

धनुष्याचा ‘बो’ प्राचीन इंग्रजीतील ‘बोगा’पासून, तर वाकण्याचा ‘बाउ’ ‘बूगन’ या क्रियापदापासून आला. दोहोंच्या मुळाशी वाकण्याचीच कल्पना आहे. मात्र सुमारे 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर बदलत गेले, तेव्हा ‘बूगन’मधील दीर्घ ‘ऊ’चा ‘आउ’ झाला आणि ‘बोगा’चा स्वर ‘ओ’च्या जवळच राहिला. तोवर लेखनात दोन्ही शब्द एकसारखे झाले होते, त्यामुळे हा फरक केवळ कानालाच कळतो. कोपर आणि इंद्रधनुष्य यांच्या इंग्रजी नावांतही ‘बोगा’च दडलेला आहे, इंग्रजांचे इंद्रधनुष्य इंद्राचे नसून पावसाचे आहे, एवढेच.

नाळेचा ‘बाउ’ मात्र वाकण्यातून आलेला नाही. तो डच किंवा उत्तर जर्मनीतील बोलींतून नाविकांनी उचलला आणि त्याचा मूळ अर्थ ‘खांदा’ असा होता. या सरमिसळीचा सर्वांत गमतीदार नमुना म्हणजे ‘बोमन’ हा तिरंदाज आणि ‘बाउमन’ हा नाळेजवळ बसणारा वल्हेकरी. कागदावर ही दोन्ही माणसे एकच असतात आणि संदर्भाशिवाय त्यांना वेगळे करता येत नाही.

लंडनमधील स्थळनामांत मात्र ‘बो’च आढळतो. बो स्ट्रीट हा रस्ता त्याच्या वळणामुळे त्या नावाने ओळखला जाऊ लागला. दंडाधिकारी हेन्री फील्डिंग यांनी 1749 मध्ये तेथे चोर पकडणारे पथक उभारले. सेंट मेरी-ल-बो या चर्चला हे नाव त्याच्या तळघरातील दगडी कमानींमुळे मिळाले. या चर्चच्या घंटांचा नाद जेथवर पोहोचतो त्या परिसरात जन्मलेला तोच खरा कॉकनी, म्हणजे पूर्व लंडनचा अस्सल रहिवासी, असा संकेत आहे. 1941 मधील जर्मन हवाई हल्ल्यात त्या घंटा नष्ट झाल्या आणि नव्याने ओतलेल्या घंटा 1961 मध्ये पुन्हा वाजू लागल्या.