पराभव इथं, नेमणूक मुंबईत

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आठ जागांपैकी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे एकच उरली, गुहागरची. एकेकाळी ज्या पट्ट्यावर पक्षाची हुकमी भिस्त होती, तिथं हे झालं. आता इथं पक्ष कोण चालवणार, ही चर्चा लगेच सुरू झाली. पण कोकणात हा प्रश्न स्थानिक कार्यकर्त्यांनी मतदान करून सोडवला, असं क्वचितच झालंय.

त्याचं मूळ सेनेच्याही आधीचं आहे. राजापूर लोकसभेतून 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा निवडून आलेले बॅ. नाथ पै जानेवारी 1971 मध्ये गेले. निवडणूक तोंडावर होती. प्रजा समाजवादी पक्षाने उमेदवारी दिली मधू दंडवते यांना, म्हणजे जन्म अहमदनगरचा आणि नोकरी मुंबईत पदार्थविज्ञान शिकवण्याची. कोकणाने त्यांना आपलं मानलं. इंदिरा लाटेत पक्षाचे देशभरात दोनच खासदार आले, त्यातले एक दंडवते. 1971 धरून सलग पाच वेळा तेच निवडून आले. 1991 मध्ये काँग्रेसच्या सुधीर सावंत यांनी त्यांना हरवलं, आणि समाजवाद्यांकडे पुढचं नाव तयार नव्हतं. माझ्या मते कोकणातल्या समाजवादी राजकारणाला खरा फटका पराभवाने नाही, या रिकाम्या जागेने बसला.

ती जागा सेनेने भरली, आणि तीही मुंबईमार्गे. गिरणगावातला, परळ-लालबागचा चाकरमानी शाखेत बसायचा आणि शिमग्याला, गणपतीला गावी यायचा. येताना पक्षही घेऊन यायचा. आजही गणपतीआधी शाखेत गावच्या गाड्यांची यादी लागते, कोणत्या वाडीतले किती जण हे शाखेतल्या पोराला तोंडपाठ असतं. मनिऑर्डरवर घर चालावं तसं इथलं राजकारण मुंबईवर चाललं. मग नेता तिथं ठरला तर गावात कुणाला नवल वाटणार?

नारायण राणे याच वाटेने आले. 1990 मध्ये मालवणचे आमदार, 1 फेब्रुवारी 1999 ला मनोहर जोशींच्या जागी मुख्यमंत्री. त्याच वर्षी मुदतीआधी निवडणूक झाली, सेनेला 69 आणि भाजपला 56 जागा मिळाल्या आणि सत्ता गेली. राणे विरोधी पक्षनेते झाले. सभागृहात पक्षाचा चेहरा ते, पण पक्ष पुढे कुणाच्या हाती जाणार हे ठरायचं होतं. जानेवारी 2003 मध्ये महाबळेश्वरच्या अधिवेशनात ते ठरलं. आंबेनळी घाट चढून गेलेल्या कोकणी पदाधिकाऱ्यांना तिथं मतपत्रिका मिळाली नाही. राज ठाकरे यांनी उद्धव यांचं नाव मांडलं आणि ते कार्याध्यक्ष झाले. ही निवड आपल्याला पटली नव्हती, असं राणे यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं.

2004 मध्ये सेना 62 वर आली. दुसरा पराभव. आता पक्षातली कुजबुज चव्हाट्यावर आली. पदांचा बाजार मांडलाय, असा आरोप राणे यांनी केला आणि जुलै 2005 मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. ते काँग्रेसमध्ये गेले, आमदारकी सोडली आणि नोव्हेंबरमध्ये मालवणची पोटनिवडणूक सहज जिंकले. पक्षात जे मतदान कधी झालं नाही ते मालवणच्या मतदाराने करून दाखवलं, असं म्हणायला हरकत नाही. त्याच महिन्यात राज यांनीही नेतेपदाचा राजीनामा दिला.

या सगळ्यात एक कागद मागे पडला होता, तोही 1999 चाच. निवडणूक आयोगाच्या आग्रहामुळे सेनेने तेव्हा पक्षघटनेत अंतर्गत निवडणुकांची तरतूद केली होती. 2018 मध्ये ती बदलली आणि सूत्रं पुन्हा पक्षप्रमुखांकडे गेली. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 2022 मध्ये एकनाथ शिंदे बाहेर पडले आणि हाच कागद वर आला. 17 फेब्रुवारी 2023 च्या निकालात आयोगाने 2018 ची घटना लोकशाहीला धरून नसल्याचं म्हटलं. आमदार-खासदारांच्या मतांच्या बळावर नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना मिळालं. जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनीही 1999 चीच घटना ग्राह्य धरली.

कोकणातले आमदारही तेव्हा विभागले. दीपक केसरकर, उदय सामंत, योगेश कदम शिंदे यांच्याकडे गेले; वैभव नाईक, राजन साळवी, भास्कर जाधव ठाकरे यांच्याकडे राहिले. 2024 मध्ये नाईक आणि साळवी हरले. फेब्रुवारी 2025 मध्ये साळवी शिंदे यांच्या पक्षात गेले. गुहागर राखणारे जाधव विधानसभेतले गटनेते झाले. तेही मुंबईतल्या बैठकीतच ठरलं. पुढे विरोधी पक्षनेतेपदासाठी पक्षाने त्यांचंच नाव दिलं. 288 च्या सभागृहात त्या पदासाठी संकेताने 29 आमदार लागतात. ठाकरे यांच्याकडे 20 होते.