घासलेली जखम आणि दाताची जखम

घोडबंदर रोडवर गाडीखालून वाचलेला एक कुत्रा आणि वागळे इस्टेटच्या गल्लीत मारामारीतून सुटलेला दुसरा, दोघं शेजारी उभे केले तर बघणारे पहिल्याकडेच धावतील. त्याच्या मांडीची कातडी गेलेली, आतलं मांस उघडं, त्यात रस्त्याची खडी. दुसऱ्याच्या मानेवर केसांआड दोन बारीक भोकं, रक्तही फारसं नाही. त्याला बेटाडिनचा बोळा लावतात आणि सोडून देतात. पहिला धड उभा असेल, नीट श्वास घेत असेल, हिरड्या गुलाबी असतील, तर मी दुसऱ्याला आधी दवाखान्यात नेईन. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर पोटात रक्तस्राव असू शकतो. मग पट्टीत वेळ घालवू नका.

कुत्रा चावताना नुसता दात रोवत नाही, झटके देतो. कातडी सैल असल्याने ती दाताबरोबर सरकते, खालचे स्नायू मात्र फाटतात. वर भोक, आत पोकळी, आणि त्या पोकळीत लाळेतले जंतू नि केस. भोक लवकर बुजतं आणि आत पू साचू लागतो. मांजराचे दात आणखी बारीक. त्याने चावलेलं दोन-चार दिवसांनी गळू होऊन वर येतं, तोवर चावल्याचं घरच्यांच्या ध्यानातही नसतं.

म्हणून या जखमेत मलम कोंबायचं नाही, हळद भरायची नाही, वरून चिकटपट्टी मारून ती बंद करायची नाही. डॉक्टरसुद्धा पुष्कळदा ती पूर्ण शिवत नाहीत, निचरा व्हावा म्हणून नळी ठेवतात. एक भोक सापडलं की समोरच्या बाजूला दुसरं शोधा, जबडे दोन असतात. छातीवर चावा असेल आणि श्वास भरभर चालला असेल, तर स्वच्छ कापडाने झाकून थेट दवाखाना. चावणारा कुत्रा अनोळखी असेल तर हातमोजे घालूनच हात लावा, आणि रेबीजच्या लसीचं डॉक्टरांना लगेच विचारा.

घासलेली जखम भयंकर दिसते, पण तिचं सगळं समोर असतं. खरं काम धुण्याचं, आणि तिथेच लोक कंटाळतात. मेडिकलमधून सलाईनची बाटली आणि मोठी सिरिंज आणा, खडी निघेपर्यंत धार मारत राहा. बेटाडिन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. फेस येणारं बेटाडिन स्क्रब उघड्या मांसावर नको. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, त्याने नवी पेशी मरते. कापूस थेट जखमेवर ठेवला तर तंतू चिकटतात. आधी न चिकटणारी जाळी, मग कापसाचा थर, मग क्रेप बँडेज. पायाला बांधताना पंजापासून वर या, मधली दोन बोटं दिसू द्या. ती सुजली किंवा गार पडली की पट्टी सोडा. पट्टी ओली झाली तरी बदला. ठाण्याच्या पावसात भटक्या कुत्र्याच्या पायावर ती फार वेळ कोरडी राहत नाही, तेव्हा त्याला आडोशाला ठेवायची सोय नसेल तर बांधण्याआधी दोनदा विचार करा.

पावसाळ्यात माश्या दोन्ही जखमांवर अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडू शकतात. डांबरगोळीची पूड किंवा रॉकेल ओतायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका: कुत्रा ती जखम चाटणारच, आणि दोन्ही विष आहे.